पतंगाचा दोरा गुंडाळायचा कसा: रेशीमअळी, काकडीची वेल आणि मागावरची कांडी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन तपोवन मैदानावर पतंग उडवता, अंधार पडायला लागला की घाईघाईत दोरा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीवर गुंडाळता, आणि पुढच्या खेपेला सोडायला घेतला की थोड्या अंतरानंतर तो कुरळा होऊन स्वतःवरच वळ खातो. कोळ्याचं जाळं, गोगलगाईचा शंख, रेशमाचा कोश असं निसर्गातलं काही बघून घरी चांगली चक्री करता येईल का, आणि संक्रांतीनंतर उरलेला दोरा कोल्हापूरच्या पावसाळ्यातून पुढच्या हंगामापर्यंत कसा टिकवायचा, हे तुम्हाला हवंय.

माझं कामाचं आयुष्य इचलकरंजीत सूत गुंडाळण्यात गेलं. कोन (शंकूसारखं रीळ), कांडी (सुताची बारीक नळी), बीम (ताण्याच्या सुताचा मोठा रूळ), म्हणजे सूत मागावर चढण्याआधीचं सगळं काम. पतंगाचा नाद त्याच्याही आधीचा. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे, आणि तो चक्रीच्या आकाराचा कमी आहे असं माझं स्पष्ट मत आहे. शंखासारखी चक्री करा की कोशासारखी, दोरा आत जाताना किती पीळ घेतो आणि किती ताणाखाली बसतो, या दोन गोष्टी सांभाळल्या नाहीत तर गुंता होणारच. निसर्गाकडून घ्यायचं ते हेच. आकार मागाहून येतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. दोरा किती मीटर आहे, नुसता उडवायचाय की पेच लावायचेत, आणि चक्री धरायला दुसरं माणूस आहे का, यावर उत्तर बदलतं. शिवाय मी सुती दोऱ्याबद्दलच बोलतोय. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉनच्या आणि इतर कृत्रिम धाग्याच्या मांजावर देशभर बंदी घातली. तुमच्या बाटलीवर तसला मांजा असेल तर तो साठवायची युक्ती मी सांगणार नाही. वीतभर तुकडे करून तो कायमचा निकालात काढा. रंकाळ्याकाठच्या झाडात अडकलेला तो दोरा वर्षानुवर्षं कुजत नाही, आणि बगळ्याच्या पंखात किंवा दुचाकीवरच्या माणसाच्या गळ्यात गेला तर काय होतं ते आपण सगळेच वाचतो.

आता पिळाकडे येऊ. हातभर दोरा घ्या, दोन्ही टोकं चिमटीत ताणून धरा आणि एक टोक एकाच दिशेला दहा-बारा वेळा फिरवा. मग हात हळूहळू जवळ आणा. दोरा मध्येच उडी मारून स्वतःभोवती गुंडाळला जातो, एक छोटं शिंग तयार होतं. मैदानात तुम्हाला छळतं ते हेच शिंग. ताण असेपर्यंत ते दिसत नाही. पतंग झुकला, दोरा सैल पडला, की एकदम दहा ठिकाणी उठतं. मग घाईत ओढलं की त्याची गाठ बसते.

हा पीळ येतो कुठून? बाटली स्थिर धरून तिच्याभोवती हाताने दोरा फिरवला की प्रत्येक फेऱ्याला दोऱ्यात एक पीळ जातो. बाटलीचा घेर साधारण वीस सेंटीमीटर धरा. म्हणजे मीटरला पाच फेरे, शंभर मीटरला पाचशे पीळ. उलट बाटली स्वतः फिरवून दोरा तिच्यावर घेतला तर एकही पीळ जात नाही. गंमत अशी की स्थिर बाटलीवर गुंडाळलेला दोरा त्याच तोंडावरून तसाच उलगडला तर घातलेला सगळा पीळ निघूनही जातो. गडबड होते ती वाट बदलली की. गुंडाळताना हात फिरवला आणि सोडताना बाटली गरगर फिरू दिली, तर पाचशेच्या पाचशे पीळ दोऱ्यातच राहतात. पुढच्या आठवड्यात आणखी पाचशे. तुमचं नेमकं हेच होतंय असं तुमच्या वर्णनावरून वाटतं.

चक्री वापरणारेही यात सापडतात. चक्री फिरवून गुंडाळली आणि फिरवूनच ढील दिली तर पीळ शून्य. पण ढील देताना पोराने चक्री उभी धरली आणि दोरा तिच्या कडेवरून सटासट निघून गेला, की पीळ पडला. मग आपण म्हणतो, चक्री चांगली आहे, तरी दोरा का वळतोय?

यात आणखी एक बारकावा आहे. सुती दोरा अनेक पदरांचा असतो. प्रत्येक पदर एका दिशेला पिळलेला आणि सगळे पदर मिळून उलट दिशेला पिळलेले, म्हणून तो शांत राहतो. तुम्ही वरून घातलेला पीळ एका दिशेचा असेल तर दोरा कडक होऊन शिंगं काढतो. दुसऱ्या दिशेचा असेल तर पदर उकलतात, दोरा मऊ आणि फुगीर लागतो आणि त्याची ताकद जाते. विनाकारण मधेच तुटणारा दोरा बोटांत धरून बघा. पुष्कळदा पदर सुटे झालेले दिसतील.

आता रेशीमअळी. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्याकडे आहे. एका कोशात साधारण हजार मीटर लांबीचा एकसलग धागा असतो, चांगल्या जातीत त्याहूनही जास्त. दोन-तीन दिवसांत अळी तो स्वतःभोवती रचते आणि रेशीम काढणारे तो गरम पाण्यात कोश टाकून न तोडता उलगडतात. हे जमतं कारण अळी कोशात गोल फेरे मारत बसत नाही. डोकं हलवत ती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे वेटोळे टाकते. आठाचा एक अर्धा भाग उजवीकडे वळतो, दुसरा डावीकडे. एकाने घातलेला पीळ दुसरा काढून घेतो. एका जागी काही आठ झाले की ती थोडी सरकते आणि शेजारी नवे आठ टाकते. त्यामुळे एका वेळी उलगडायचा भाग लहान असतो आणि खालचा भाग वरच्यात अडकत नाही.

दुसरी गोष्ट सेरिसीनची. कोशातल्या रेशमाच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा हा चिकट पदार्थ असतो. प्रत्येक वेटोळं तो जागच्या जागी धरून ठेवतो आणि गरम पाण्यात मऊ झाला की सोडतो. तुम्ही दोऱ्याला डिंक लावायचा नाही, पण तत्त्व घ्यायचं. गुंडाळी झाल्यावर तिला कशाने तरी धरून ठेवायला हवं. सुटी गुंडाळी पिशवीत हलत राहिली तर तिचे वेटोळे एकमेकांत शिरतात, आणि मैदानापर्यंतच्या स्कूटरच्या धक्क्यांत अर्धा गुंता होऊन जातो. जुन्या सुती कापडाची दोन बोटं रुंद पट्टी गुंडाळीवर घट्ट बांधली तरी पुरतं.

मुलांचा पतंग शंभर-दीडशे मीटरच्या आत असेल तर मी चक्रीऐवजी आठाची पाटी सुचवेन. हातात मावेल अशी लाकडाची पट्टी घ्या, तिच्यावर वीतभर अंतराने दोन गुळगुळीत खुंट्या बसवा, मागे धरायला मूठ. दोरा एका खुंटीला उजवीकडून, दुसरीला डावीकडून असा आठात टाकत जा. सोडताना खुंट्यांची टोकं पतंगाकडे करा, आठ एकामागून एक टोकावरून निघत जातात. पाटी फिरवायची गरज नाही आणि पीळही पडत नाही. लाकूड बारीक सॅंडपेपरने इतकं घासा की कापसाचा बोळा फिरवला तर तंतू अडकू नये. सूत खडबडीत कडेवर घासून तुटतं, आणि ते कुठे तुटलं हे पतंग गेल्यावरच कळतं. आठ अगदी एकावर एक टाकू नका, नाहीतर मध्ये फुलीच्या जागी उंचवटा येतो. खुंटीवर थोडं वर-खाली सरकत राहा, अळी सरकते तसं.

पाटी नसेल तर अंगठा आणि करंगळीवर आठ टाकायची पद्धत आहेच, आपल्याकडची जुनी पोरं तसंच करायची. थोड्या दोऱ्याला ती उत्तम. फक्त वाऱ्याच्या जोरात पतंग असताना थेट बोटांवर गुंडाळू नका. आधी पतंग खाली घ्या.

सुरुवातीच्या टोकाबद्दल एवढंच: सुगरण पक्ष्याचा नर खोपा विणायला घेतो तेव्हा पहिले पाते फांदीला असे गुंतवतो की सगळा खोपा त्यावर लोंबकळला तरी ते सरकत नाही. तुमच्या पाटीवर किंवा चक्रीवर पहिलं टोक असंच पक्कं हवं. गुळगुळीत लाकडावर नुसते फेरे मारले तर जोराचा ओढा आल्यावर आतली सगळी गुंडाळी एकदम घसरते. एक भोक पाडून टोक त्यातून ओवा आणि गाठ मारा.

पेच लावणाऱ्यांना एवढ्या दोऱ्यावर भागत नाही, त्यांना चक्रीच हवी. तिथे माझ्या धंद्यातली गोष्ट कामाला येते. मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातली कांडी तुम्ही पाहिली असेल. तिच्यावर सूत या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट भरत नाहीत. आखूड निमुळत्या थरांत, एकावर एक टोपी बसवावी तसं भरत जातात. त्यामुळे धोटा वेगाने धावताना सूत टोकाकडून सुटतं आणि खालच्या थराला धक्का लागत नाही. समुद्रात हॅगफिश नावाचा एक प्राणी आहे. संकट आलं की तो क्षणात ढीगभर चिकट द्रव सोडतो, आणि त्या द्रवाला बांधून ठेवणारे बारीक धागे त्याच्या खास पेशींत गुंडाळून ठेवलेले असतात. पेशी मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याएवढी आणि आतला धागा सुमारे पंधरा सेंटीमीटर. तो पाण्यात डोळ्याचं पातं लवेपर्यंत उलगडतो, गुंता होत नाही, कारण तोही शंकूसारख्या थरांत शिस्तीने रचलेला असतो. कांडीशी असलेलं हे साम्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

चक्रीवर याचा अर्थ असा की फेरे अगदी समांतर, शेजारी शेजारी बसवू नका. समांतर फेऱ्यांत वरचा दोरा ओढ बसली की खालच्या दोन फेऱ्यांच्या मधे घुसतो, आणि ढील देताना तिथेच अडकून झटका बसतो. गुंडाळताना दोरा बोटाने डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सतत नेत राहा, म्हणजे प्रत्येक थर खालच्यावर तिरका पडेल. कोनावर सूत असंच तिरकं बसवलेलं असतं, म्हणून मऊ कोनही हातात धरला तर ढासळत नाही.

ताणाची गोष्ट इथेच सांगतो. वर पतंग जोरात असताना दोरा थेट चक्रीवर घेतला तर प्रत्येक फेरा ताणलेला बसतो, आणि शेकडो फेऱ्यांचा दाब मिळून आतल्या भागावर येतो. हलकी प्लॅस्टिकची चक्री त्याने आत दबते, लाकडाच्या चक्रीच्या काड्या निसटतात, आणि आतला दोरा चपटा होतो. रेशीमअळी धागा आवळत नाही, ठेवत जाते. तुम्हीही दोन टप्पे करा. पतंग हाताने उतरवून दोरा पायाशी गवतावर मोकळा पडू द्या. तो तुडवू नका. मग पतंग दोऱ्यापासून सोडवून घ्या आणि तो दोरा दोन बोटांच्या हलक्या दाबातून चक्रीवर घ्या. वेळ थोडा जास्त लागतो, पण पुढच्या वेळी तो वाचतो.

पतंग आधी सोडवून घ्यायला सांगितलं त्यामागे काकडीच्या वेलीचा धडा आहे. काकडी, दोडका, कारलं, कुणाच्याही मांडवाखाली जाऊन बघा. वेलीचा तणावा काठीला धरला की मग स्प्रिंगसारखा गुंडाळतो. नीट बघितलंत तर अर्धा तणावा एका दिशेला वळलेला असतो, मध्ये एक छोटा सरळ तुकडा, आणि उरलेला अर्धा उलट दिशेला. चार्ल्स डार्विनने १८६५ साली वेलींवर लिहिलेल्या दीर्घ निबंधात याची नोंद आणि कारणही दिलं आहे. दोन्ही टोकं धरलेली असताना एकाच दिशेने वळणं शक्यच नसतं, एका बाजूला जेवढे वळसे पडतील तेवढे दुसऱ्या बाजूला उलटे पडावेच लागतात. तुमच्या दोऱ्याचंही तसंच. एक टोक पतंगाला आणि दुसरं चक्रीला बांधलेलं असेपर्यंत आत अडकलेला पीळ कुठे जाणार? तो इकडून तिकडे सरकेल, पण कमी होणार नाही. म्हणून महिन्यातून एकदा तरी सगळा दोरा मैदानात लांब पसरा, एक टोक पूर्ण मोकळं ठेवा, आणि दुसऱ्या टोकापासून दोरा चिमटीतून हलकेच सरकवत मोकळ्या टोकापर्यंत चालत जा. शेवटचे काही हात राहिले की मोकळं टोक आपोआप गरगरताना दिसेल. ते फिरतंय तोवर थांबा. मगच गुंडाळा.

पेच न लावता पतंग नुसता तरंगत ठेवायचा असेल तर कन्नी आणि दोरा यांच्यामध्ये मासेमारीच्या दुकानात मिळते ती बारीक फिरती कडी लावता येते. तिला स्विव्हल म्हणतात. शेपटीचे पतंग किंवा गोल फिरणारे पतंग मुलांना आवडतात, त्यांना ही कडी हवीच. हलक्या कागदी पतंगाला मात्र तिचं वजन जड होतं, तिथे नको.

कोळ्याबद्दल तुम्ही खास विचारलंत. कोळी मला फार आवडतो, पण साठवण्याच्या कामी तो चुकीचा गुरू आहे. तो दोरा साठवतच नाही. पोटातल्या ग्रंथींत द्रव असतो, लागेल तसा तो धागा ओढतो, आणि गोल जाळं विणणारे पुष्कळ कोळी जुनं जाळं खाऊन नवं विणतात. त्याच्याकडे थक्क करणाऱ्या गोष्टी आहेत. जाळ्याच्या चिकट धाग्यावरचे थेंब सैल पडलेला धागा स्वतःच्या आत गुंडाळून घेतात, म्हणून वाऱ्याने जाळं हललं तरी ते लोंबत नाही, हे २०१६ साली संशोधकांनी दाखवलं. कोळी ज्या धाग्याला लटकतो तो धागा पिळला तरी भिंगरीसारखा उलटसुलट फिरत राहत नाही, लवकर शांत होतो, हे फ्रान्समधल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं. पण हे गुण रेशमाच्या रचनेत आहेत, आपल्या सुतात ते आणता येत नाहीत. त्याच्याकडून घ्यायचं तर एवढंच घ्या, की फार साठवू नका. हंगामाला लागेल तेवढाच दोरा घ्या.

उरलेल्या दोऱ्याचं आता. कापूस हवेतलं पाणी पितो. सूतव्यापारात कोरड्या कापसाच्या वजनावर साडेआठ टक्के ओलावा प्रमाण धरतात, आणि कोल्हापूरच्या आषाढ-श्रावणात तो त्याहून वर जातो. ओला सुती दोरा ओढून बघितला तर उलट जरा मजबूतच लागतो, आणि तिथेच माणूस फसतो. नुकसान ओलाव्याने होत नाही, ओलाव्यावर वाढणाऱ्या बुरशीने होतं. मांज्याला भाताची खळ लावलेली असेल तर बुरशी, झुरळ आणि कसर तिघांनाही ते जेवण आहे. म्हणून वर्षभर ठेवायचा असेल तर साधा, खळ न लावलेला दोराच ठेवा. खळीचा मांजा हंगामातच संपवा.

मे महिन्यात, वळवाचे दिवस टाळून, दोरा सावलीत मोकळा करून वाळवा. कडक उन्हात गच्चीवर दिवसचे दिवस ठेवू नका, उन्हाने सूत कमजोर होतं. वाळल्यावर सैल ताणाने पुन्हा गुंडाळा, कापडी पट्टी बांधा, मग सुती पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा, बाहेरच्या भिंतीला न टेकता. वाळलेला कडुनिंबाचा पाला सोबत ठेवायला हरकत नाही. हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीचा मोह होतो, पण आत थोडा जरी ओलावा कोंडला गेला तर दोरा आतच बुरसतो. कोशालाही हवा आत-बाहेर जाऊ देणारीच भिंत असते. हवाबंद डबाच वापरायचा असेल तर बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्याच्या मध्यावर एकदा उघडून बघा. काढताना दोऱ्याला कुबट वास आला किंवा करडे ठिपके दिसले, तर हातभर तुकडा झटका देऊन तोडून बघा. सहज तुटला तर तो दोरा पतंगाला वापरू नका, वेली बांधायला वापरा.

राहिला तुमच्या बाटलीवरचा आत्ताचा गुंता. टोक शोधून ओढत बसू नका, ओढलं की प्रत्येक शिंगाची गाठ होते. गुंता कागदावर ठेवा, बोटांनी सगळीकडून सैल करत मोठा करा, आणि मगच एखादं टोक मागे मागे काढत जा. जिथे गाठ घट्ट बसलीय तिथे सरळ कात्री लावा. आपल्या पेशींतही दोन मीटर लांबीचा डीएनए मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या जागेत बसवलेला असतो, आणि त्यात पीळ साठला की खास प्रथिनं धागा कापतात, पीळ मोकळा करतात आणि पुन्हा जोडतात. तुम्ही कापलेली टोकं फेकली तर वीतभर तुकडे करून फेका. चांगले लांब तुकडे जोडायचे असतील तर जोड पतंगाच्या बाजूला येऊ देऊ नका, चक्रीच्या बाजूला आत राहू दे. आणि दोरा किती पदरी आहे ते कळवलंत तर पाटीच्या खुंट्या किती जाड ठेवायच्या ते सांगतो.